चुलीतली प्रॉम्प्टर

थेक्ला लान्ड्सबेर्ग गेल्या, त्या आठवड्यात लंडनच्या दोन पेपरांत त्यांच्यावर लिहून आलं. दोन्हींत सिनेमांची यादी होती, आणि दोन्हींत तो ‘थोर विराम’ होता. १९३९ सालच्या त्या नाटकात, दुसऱ्या अंकात, बाई चुलीपाशी गुडघे टेकून बसत आणि एक अक्षर न बोलता अख्खं थिएटर धरून ठेवत. एका शहाण्याने तर लिहिलं होतं की घरदार सुटलेल्या माणसाचं सगळं दुःख त्या विरामात साठलं होतं. वाचून मला आधी हसू आलं, मग शिसारी आली. त्या विरामात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण बाईंच्या समोर दोन हातांवर, त्या चुलीच्या आत, मी बसलेली होते.

मी हेन्नी क्रोटोशिनर. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊच्या मोठ्या थिएटरात मी चौदा वर्षं प्रॉम्प्टर होते. इंग्रजांकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो आणि नट अडलाच तर तोंड उघडतो. आमच्याकडे तसं नसतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खोका असतो, वरून झाकलेला, नटांकडे तोंड केलेला. त्यात आम्ही बसायचं, डोकं नटांच्या बुटांच्या पातळीवर. आणि कोणी अडायची वाट बघायची नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत प्रत्येक वाक्य, अर्धा श्वास आधी, नटाच्या कानात टाकत राहायचं. घशातून आवाज काढायचा नाही, नुसते ओठ आणि हवा. दर आठ-दहा दिवसांनी नवं नाटक लागायचं, पाठ करायला वेळ कुणाला होता?

बाकीचे नट निदान अर्धंमुर्धं पाठ करायचे. थेक्लाबाई तेवढंही करत नसत. “पाठांतर कारकुनांनी करावं,” त्या म्हणायच्या, “माझ्याकडे हेन्नी आहे.” मला त्याचा अभिमान वाटायचा, उगाच खोटं कशाला बोलू. बाई रंगमंचावर आल्या की सातशे माणसं श्वास रोखायची, आणि त्या सातशेंच्या आधी ते वाक्य माझ्या तोंडात असायचं. त्यांनी बर्लिनला जाऊन पाच मूकपट केले, तेव्हा मात्र मला नेलं नाही. तिथे माझं कामच नव्हतं.

बाईंच्या भूमिका उतरवून काढायची माझी धाकटी बहीण गेर्डा. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला होता, पण अक्षर असं की छापखान्याने लाजावं. बाईंची वाक्यं ती मोठ्या अक्षरात काढायची, कारण बाईंना चष्मा लावायचा नसे.

तेहतीस साली, हिटलर आल्यावर, एका सोमवारी थिएटरच्या दारावर काढून टाकलेल्या ज्यूंची यादी लागली. त्यात आम्हां तिघींची नावं होती. पुढची पाच वर्षं आम्ही आमच्याच लोकांपुढे, आमच्याच सभागृहात नाटकं केली. अडतीसच्या नोव्हेंबरात सभागृहही गेलं आणि शेजारचं प्रार्थनामंदिर जळताना आम्ही खिडकीतून पाहिलं. त्या हिवाळ्यात इंग्लंड आमच्या बायकांना एकाच कामावर घेत होतं, घरकामाच्या. म्हणून मी स्वयंपाकीण झाले आणि बाई वाढपीण. गेर्डाला परवान्याच्या कचेरीतल्या डॉक्टरने चालून दाखवायला सांगितलं, आणि ती चालल्यावर कागद परत दिला. लंगडी मोलकरीण कुणालाच नको होती.

स्टेशनवर बाईंची आई होती. तिला आम्ही सगळे थोरल्या बाई म्हणायचो. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. गेर्डाने तिचा हात धरला आणि मला म्हणाली, “यांना मी बघते. तू तिकडचं बघ.”

तिकडचं म्हणजे लंडनजवळच्या एका दंतवैद्याचं घर. तिथे बाई सूपचं भांडं घेऊन अशा यायच्या की जेवणारे बोलायचे थांबायचे. मालकीणबाई वैतागल्या होत्या. पण जानेवारीत त्यांच्याकडे हॅलम नावाचे गृहस्थ जेवायला आले. त्यांचं स्वतःचं थिएटर होतं. बाई सूप घेऊन आल्या, आणि हॅलमनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या नव्या नाटकात एका परदेशी सरदारीणबाईची भूमिका होती, आणि इंग्लंडमधल्या नट्यांना परदेशी बोलणं नीट जमत नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांनी बाईंचा परवाना बदलून आणला.

बाईंनी एकच अट घातली. त्यांचे कपडे सांभाळायला मी हवी.

तिसऱ्या तालमीला बाई बोलता बोलता रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत गेल्या, थांबल्या आणि खाली बघत राहिल्या. सुताराला वाटलं, कानातलं पडलं. तो गुडघ्यांवर बसून शोधू लागला. मी मागच्या खुर्च्यांत बसले होते, मला मात्र कळलं. बाई खोका शोधत होत्या. तिथे नुसती फळी होती.

कपड्यांच्या खोलीत त्यांनी माझा दंड धरला. “हेन्नी, मला नाही जमायचं. जर्मनमध्ये जमत नव्हतं, इंग्रजीत कुठून जमणार?”

“बाई, दोन महिने आहेत. रोज पाच पानं करू.”

“मी एकोणपन्नास वर्षांची आहे. डोक्यात काही राहत नाही आता. आणि हे त्यांना कळलं तर पुन्हा सूप.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि आई तिकडे राहील.”

कारण मोठी गोष्ट तीच होती. म्हाताऱ्या किंवा अधू माणसाला आणायचं तर एखाद्या वजनदार इंग्रजाने लिहून द्यावं लागायचं की हा माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही, मी बघेन. एक कागद, त्याच्यावर एक सही. हॅलमसारख्या माणसाची सही सोन्यासारखी होती.

“नाटक चाललं की पहिली सही आईची,” बाई म्हणाल्या. “दुसरी गेर्डाची. तुला माझा शब्द.”

मी जागा शोधली. नाटक एका दिवाणखान्यात घडत होतं, आणि इंग्रजी दिवाणखान्यात भिंतीला चूल असतेच. स्वयंपाकाची नव्हे, शेकायची. ही पुठ्ठ्याची होती, तोंडाशी जाळी, आत लाल दिवा आणि मागे विरळ विणीचा काळा पडदा. पडद्याआड एक बुटकं स्टूल मावत होतं. लाल दिव्याच्या उजेडात वहीही दिसत होती. व्यवस्थापक ग्रिबल म्हणून एक साठीचा माणूस होता, तो मागच्या लढाईत दोन वर्षं आमच्याकडे कैदी होता, त्यामुळे मोडकीतोडकी जर्मन बोलायचा. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

“माझ्या थिएटरात चुलीत बाई?”

“मी आवाज करत नाही.”

“तुझं इंग्रजी?”

“मला येत नाही. मी ते वाचते.”

आणि तसंच होतं. ते अख्खं नाटक मी ऐकू येईल तसं जर्मन स्पेलिंगांत लिहून घेतलं आणि अर्थ अर्धाच कळत असताना तोंडपाठ केलं. दुकानात मला दूध मागता येत नव्हतं, पण सरदारीणबाईची तिन्ही अंकांतली वाक्यं मला झोपेत म्हणता येत होती. ग्रिबलने दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी मी खसखशीचा केक नेला. त्याने तो उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाला, “कैदेत असताना एका म्हातारीने दिला होता असला. बस जा तुझ्या चुलीत.” हॅलमना मात्र कधी सांगायचं नाही, असं त्याने बजावलं. त्या माणसाला फसवलेलं चालत नाही, तिघांनाही हाकलेल.

एप्रिलमध्ये नाटक लागलं. माझी कुजबुज ऐकू यावी म्हणून बाई चुलीपासून चार हातांपेक्षा लांब जात नव्हत्या. पेपरांनी लिहिलं की या नटीने परदेशी बाईची हाडातली थंडी काय दाखवलीय, आगीजवळून हलत नाही. माझे चुकीचे उच्चार बाईंच्या तोंडून जसेच्या तसे यायचे, त्यावर लोक खूष. एकाने लिहिलं, परक्या भाषेवरची ही हुकमत थक्क करणारी आहे. ते कात्रण बाईंनी आरशाच्या कोपऱ्यात खोचलं. सोबतच्या नटांना काहीच कळलं नसेल असं नाही, पण पाहिलेलं न पाहिल्यासारखं करण्यात इंग्रज माणूस पटाईत.

पन्नास प्रयोग झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, हॅलमनी थोरल्या बाईंच्या कागदावर सही केली. जुलैच्या मध्यावर थोरल्या बाई आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पिसांची उशी. मी स्टेशनवर त्यांच्या मागे बघत राहिले, जणू गेर्डाही उतरणार होती.

“तिनेच मला गाडीत बसवलं,” थोरल्या बाई म्हणाल्या. “माझी पेटी त्या पायाने जिना उतरून आणली पोरीने. म्हणाली, हेन्नीला सांगा, मी पुढच्या गाडीने येते.”

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “जरा थांब गं. लगेच दुसरा कागद पुढे केला तर त्याला वाटेल हिने दुकानच मांडलंय.” आठवड्याने म्हणाल्या, उकाड्याने बुकिंग पडलंय, तो चिडलेला आहे. मग म्हणाल्या, त्याची बायको गावी गेलीय, ती आली की घालते त्याच्या कानावर. गेर्डाची पत्रं येत होती. आधी तिची खोली काढून घेतली. मग ती एका धोबिणीच्या माळ्यावर राहायला गेली. तक्रार कशाचीच नव्हती. शेवटी मात्र प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, “बाईंना माझा नमस्कार सांग आणि घाई करू नकोस म्हणावं.” तिला कुणाला अडचणीत टाकायचं नसायचं. मला ते वाचून तिचाच राग यायचा.

ऑगस्टची चोवीस तारीख, गुरुवार. हिटलरने आणि रशियाने हात मिळवल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती आणि लंडनमध्ये लोक बॉम्बपासून लपायला बागांत खड्डे खणत होते. दुपारी ग्रिबल माझ्याकडे आला. दार लावून घेतलं.

“तुझी बहीण कधी येतेय?”

“हॅलमसाहेबांच्या सहीसाठी अडलंय.”

त्याने टोपी काढली. “मी कालच त्याच्या कारकुनाला विचारलं. त्याच्याकडे असं नावच नाही. कुणी कधी काढलंच नाही.”

मी म्हटलं, “मग मीच जाते वर, साहेबांकडे.”

“जाऊन बोलशील काय? आणि मी सोबत आलो तर तो विचारणार, कपडेवालीच्या बहिणीसाठी मी का लिहून देऊ? ती आहे कोण? सांगू, चुलीत बसते? त्या बाईनेच सांगायला हवं, हेन्नी. तिचा शब्द तो टाकणार नाही.”

संध्याकाळी मी बाईंच्या पाठीची बटणं लावत होते. आरशात बघून विचारलं, “बाई, तुम्ही त्यांना गेर्डाबद्दल काय सांगितलंय?”

त्या पावडर लावत राहिल्या. मी पुन्हा विचारलं.

“काय सांगू मी त्याला?” त्या एकदम म्हणाल्या. “ही माझ्या मोलकरणीची बहीण? एका मोलकरणीच्या बहिणीसाठी मी का एवढी रडते, हे तो विचारणार नाही? तो खोदून काढतो सगळं. मग हे काय?” त्यांनी कात्रणाकडे बोट केलं. “माझ्याकडे दुसरं काही उरलंय का, हेन्नी? सांगेन मी. योग्य वेळ बघून सांगेन.”

तिसरी घंटा झाली.

दुसऱ्या अंकात सरदारीणबाईला यजमान विचारतो, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय? तिचं उत्तर हे नाटकातलं मोठं वाक्य. “तुमच्या घरात माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा, मिस्टर ॲशबी. मी तिच्यावर बसणारही नाही. ती आहे एवढं माहीत असलं म्हणजे मला पुरे.” यजमानाने विचारलं. बाईंनी मान माझ्या बाजूला कलती केली. मी ओठ मिटून घेतले.

असं मी इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. मी वही मांडीवर पालथी घातली. बाई थांबल्या. एक पाऊल चुलीकडे आल्या. पुन्हा थांबल्या. मग गुडघे टेकून खाली बसल्या आणि शेकायला धरावेत तसे दोन्ही हात पुढे केले. जाळीतून त्यांचा चेहरा मला दिसत होता. तोंडचं पाणी पळालेलं होतं. खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही, थिएटर मेल्यासारखं शांत.

ओठ जेमतेम हलवत बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, “उद्या विचारते. शपथ.”

मी वाक्य दिलं. त्यांनी ते असं म्हटलं की लोक उभे राहिले.

पडदा पडल्यावर हॅलम स्वतः धावत खाली आले. त्यांना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. माझ्या अंगावरून हात लांब करून त्यांनी बाईंचा हात धरला आणि बरंच काही बोलले. नंतर बाईंनीच मला सांगितलं, गाल लाल झालेले. “म्हणाला, हा विराम असाच ठेवा. रोज. तसंच खाली बसायचं, तसेच ओठ. हेन्नी, त्याला वाटलं मी प्रार्थना म्हणत होते.”

“आणि उद्याचं?”

“उद्याचं उद्या. शपथ घेतलीय ना मी?”

दुसऱ्या दिवशी हॅलम बाहेरगावी होते. त्या संध्याकाळी बाई चुलीपाशी खाली बसल्या, हात पुढे केले आणि म्हणाल्या, “उद्या विचारते. शपथ.” मला वाटलं, खरंच उद्या. शनिवारी पुन्हा तेच. सोमवारी पुन्हा तेच, त्याच सुरात, तेवढाच वेळ घेऊन. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई माझ्याशी बोलतच नव्हत्या. एकदा जी गोष्ट साधली, ती आमच्या धंद्यात कुणी सोडत नाही. नट ती तशीच्या तशी रोज करतो, बोटसुद्धा बदलत नाही. माझ्या बहिणीची शपथ आता त्या प्रसंगाचा भाग झाली होती.

आणि माझ्याकडे जे एकच हत्यार होतं ते गेलं. मी गप्प राहिले तर बाईंचं काही बिघडत नव्हतं, उलट टाळी पडत होती. मंगळवारी मी मुद्दाम दुप्पट वेळ गप्प बसले. बाईंनी ते तोलून धरलं, डोळे मिटले, आणि टाळी दुप्पट झाली. मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, “आजचा विराम छान लांबला. असाच देत जा.” माझा संप त्यांनी नाटकात घेतला होता. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. ग्रिबलने मला पाणी आणून दिलं.

शुक्रवारी, एक सप्टेंबरला, सकाळी पोलंडवर हल्ला झाला. ब्रेस्लाऊहून ती सरहद्द अशी कितीशी लांब. दिवसभर रस्त्यांतून शाळांची मुलं, बॉम्बच्या भीतीने खेड्यांत पाठवलेली, गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून स्टेशनांकडे चालली होती. संध्याकाळी प्रेक्षक निम्मेच होते. हॅलम सज्जातल्या त्यांच्या नेहमीच्या बॉक्समध्ये बसले होते, धीर द्यायला म्हणून.

मी कपडे चढवताना बाईंना म्हटलं, “आज. पहिला अंक झाला की.”

“आज?” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवशी त्याला कसं विचारू? त्याचा स्वतःचा मुलगा सैन्यात आहे.”

दुसरा अंक आला. यजमानाने विचारलं. बाई गुडघ्यांवर बसल्या. लाल उजेडात त्यांचा चेहरा सुंदर दिसत होता, ते मी नाकारणार नाही. हात पुढे आले. ओठ हलले.

“उद्या विचारते. शपथ.”

मी काळा पडदा बाजूला केला, जाळी ढकलली आणि चुलीतून बाहेर आले.

आधी गुडघ्यांवर, मग उभी. कंबर आखडली होती, एप्रनला पुठ्ठ्याची धूळ लागलेली. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी जळत बाहेर आलेय. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. त्या दिवशी त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. मी बॉक्सकडे तोंड केलं. मला हॅलमना सांगायचं होतं की माझी बहीण आहे, तिचा पाय अधू आहे, तिने तुमच्या नटीच्या आईची पेटी उचलली. पण माझ्याकडे इंग्रजी होतं तेवढंच होतं. मी म्हटलं, “तुमच्या घरात माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा.” आवाज फुटला नाही, इतक्या वर्षांची सवय. मी पुन्हा म्हटलं, घशातून, ओरडून. लोक आणखी हसले.

ग्रिबलने पडदा पाडला.

हॅलम विंगेत आले तेव्हा पांढरेफटक झाले होते. “ही कोण बाई आहे?” त्यांनी बाईंना विचारलं. एवढं इंग्रजी मला कळलं. बाई जमिनीकडे बघत राहिल्या. मी वाट पाहिली.

ग्रिबल पुढे झाला. “साहेब, ही प्रॉम्प्टर. एप्रिलपासून इथेच आहे.” मग त्याने सगळं सांगितलं. हॅलम बाईंकडे बघत, चुलीकडे बघत, माझ्याकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, आता हाकलतील. ग्रिबल बोलायचा थांबल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. ग्रिबलने मला जर्मनमध्ये सांगितलं, “कागद कुठाय म्हणतो.”

कागद माझ्या एप्रनच्या खिशात होता. जूनपासून रोज असायचा. हॅलमनी तो ग्रिबलच्या पाठीवर ठेवला, पेन काढलं आणि सही केली. पेनला टोपण लावताना ते जे म्हणाले ते ग्रिबलला मला सांगवेना. मी हट्ट धरला तेव्हा सांगितलं.

“म्हणतो, एवढंच होतं? जूनमध्ये मी तीन सह्या केल्या, त्यातली एक माझ्या न्हाव्याच्या साडूसाठी. मला कुणी विचारलं का नाही?”

शनिवारी सकाळी मी कागद निर्वासितांच्या कचेरीत नेला. रांग रस्त्यापर्यंत होती. तिथल्या मुलीने शिक्का मारला आणि सोमवारी पुढे पाठवते म्हणाली. रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता लढाई जाहीर झाली. सोमवारी मी गेले तेव्हा सरहद्द बंद झाली होती आणि तिने कागद मला परत दिला. बिचारी रडत होती, तिच्याकडे तसे खूप कागद होते.

थिएटरं बंद झाली, त्यामुळे चुलीतल्या बाईची गोष्ट त्या गडबडीत विरून गेली. बाई मला एवढंच म्हणाल्या, “तू सगळ्यांसमोर माझे कपडे उतरवलेस, हेन्नी.” बऱ्याच दिवसांनी एकदा म्हणाल्या, “मला वाटलं, वेळ आहे.” मी त्यांचं घर सोडलं नाही. राग घेऊन जायला दुसरी खोली लागते, ती माझ्याकडे नव्हती. शिवाय बाई पुढे सिनेमात गेल्या. आमच्या उच्चारांना तिथे मागणी आली होती. नाझी अधिकाऱ्यांच्या बायका, तुरुंगातल्या मेट्रन, गावातल्या चुगलखोर म्हाताऱ्या, सगळ्या आमच्याच बायका करत होत्या. अकरा सिनेमांत बाईंनी हात वर करून सलाम ठोकला. तिथे एका वेळी दोनच वाक्यं बोलायची असतात, प्रॉम्प्टर लागत नाही. म्हणून त्या कामावर जायच्या आणि मी घरी थोरल्या बाईंना भरवायची. सूप, वाटाणे, पावाचा तुकडा दुधात भिजवून. थोरल्या बाई ऐंशीला टेकून गेल्या. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसे, पण चमचा तोंडाशी नेला की विचारायच्या, “गेर्डाची गाडी आली का?” मी म्हणायची, “येईल हं. तुम्ही जेवा.”

गेर्डाचं एक पत्र हॉलंडमार्गे ऑक्टोबरात पोहोचलं होतं. सव्वीस ऑगस्टला लिहिलेलं. तिने पेटी भरून दाराशी ठेवली होती आणि रोज सकाळी वरचा गरम कोट बाहेर काढून संध्याकाळी परत आत ठेवत होती. एकेचाळीसच्या नोव्हेंबरात तिला ब्रेस्लाऊहून गाडीत बसवलं आणि पूर्वेकडे नेलं. यादी मला सेहेचाळीस साली मिळाली. त्या गाडीतलं कुणी परत आलेलं नाही.

तुम्ही बाईंना माफ केलं का, असं मला लोक विचारतात. कधी केलं, कधी नाही. पण मी रात्री जागी असते ती बाईंमुळे नाही. मी एप्रिलपासून स्वतःला सांगत होते की मला इंग्रजी येत नाही, मी मोठ्या साहेबांशी कशी बोलणार, बाई विचारतील. एक सप्टेंबरला तरी मला इंग्रजी कुठे येत होतं? ग्रिबल जूनमध्येही तिथेच उभा होता. हॅलम जूनमध्येही त्याच बॉक्समध्ये बसायचे. कागद तेव्हाही माझ्याच खिशात होता. चुलीतून बाहेर यायला चार पावलं लागली. सगळा जून, सगळा जुलै, सगळा ऑगस्ट गेर्डा पेटी भरून बसली होती, आणि मी आत बसून दुसऱ्याची वाक्यं म्हणत होते.